आपल्याच गावात संशोधन करताय? या चुका टाळा

ऊसतोड कुटुंबांवर लघुप्रबंध लिहिणारी मुलं दरवर्षी माझ्याकडे येतात. गाव आपलं, माणसं ओळखीची, मग काम पंधरा दिवसांत उरकेल, असं त्यांना वाटतं. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. तिथं मी जे करून बसलो, ते त्यांना आधी सांगतो.

नाव बदललं की ओळख लपली, असं समजणं

ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. माझ्या एम.ए.च्या लघुप्रबंधात मी लिहिलं, 'सुमन (नाव बदललेले), अर्धा कोयता, तीन मुलींची आई.' मुकादमानं, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदारानं, हिशोबात जास्तीचे खाडे कसे लावले, ते तिनं मला विश्वासानं सांगितलं होतं. आमच्या गावातून अर्ध्या कोयत्यावर जाणाऱ्या बायका दोनच, आणि तीन मुलींची आई त्यातली एकच. वर त्याची प्रत मी मोठ्या हौसेनं गावच्या वाचनालयात ठेवली.

श्रावणात उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, वाटायची वेळ आली तेव्हा मुकादमानं तिला टोळीत घेतलं नाही. ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. हातात पाण्याचा तांब्या तसाच. म्हणाली, "वहीत नाव न्हाई माझं, पर लेकरा, मीच हाय की त्यात." त्या साली ती परक्या टोळीतून, कमी उचलीवर गेली.

तेव्हापासून प्रत्येक मजकूर मी मुकादमाच्या नजरेनं वाचतो. माणूस ओळखू येतोय का? मग मुलींची संख्या काढतो, वय काढतो, काम मोघम लिहितो. तरीही ओळखू आलाच, तर परिच्छेदच काढून टाकतो. "सर, तोच तर सगळ्यात भारी भाग आहे," असं मुलं हळहळून म्हणतात. असू दे, काढा.

'अण्णांचा पोरगा' म्हणून मिळालेला होकार

वडिलांच्या ओळखीवर दार उघडतं, पण त्या दारात तुम्हाला 'नाही' म्हणायची कुणाची टाप नसते. गावात नकार सरळ येत नाही. "बघू की, सुगी होऊ द्या" हाच नकार. तो ऐकून माघारी फिरा. वडिलांची जमीन ज्यांनी वाट्यानं केली आहे, त्यांच्या घरी तर मी मुलाखतीला जातच नाही.

होकार मिळाला तरी पहिल्या दिवशी मी मोबाईल खिशातच ठेवतो. काय विचारणार, कुठं छापणार, ते सांगतो, चहा घेतो आणि निघतो. चार दिवसांनी पुन्हा विचारतो. घाईतल्या मुलांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांनी विषय बदलावा.

कागदाचंही तसंच. उचल घेताना ज्यांचा अंगठा कोऱ्या बॉण्डवर घेतला गेला, ती माणसं तुमच्या संमतीपत्रानं बिचकणारच. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017ची मार्गदर्शक तत्त्वं निरक्षर व्यक्तीचा अंगठा घेताना निष्पक्ष साक्षीदार मागतात. गावात मुकादमाचा जावईच साक्षीला उभा राहिला, तर त्यात निष्पक्ष काय उरलं? संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधीच काढून तोंडी संमती घ्यावी, असं माझं मत आहे.

बाकीच्या चुका

'पिशवी (गर्भाशय) काढली का?' हा प्रश्न पोरांनी विचारायला जाऊ नये. 2019 साली सरकारी समितीसाठी बीडमधल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आहे. तो अहवाल आधी वाचा. त्याच बाईला तेच दुखणं पुन्हा उगाळायला लावू नका.

मयतीला किंवा हळदीकुंकवाला कानावर पडलेलं वहीत उतरवायचं नाही.

रेकॉर्डिंग चुलतभावाच्या मोबाईलवर पाठवायचं नाही, 'फक्त ऐकून डिलीट कर' म्हणूनसुद्धा नाही.

दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसं आणि लहान लेकरंच उरतात. त्यांच्याकडून टोळीची माहिती काढून घेऊन सगळं गाव बोललं, असं लिहू नका.

आणि छापायच्या आधी लिहिलेलं गावात वाचून दाखवा, तेही गुढीपाडव्यानंतर. त्याआधी बऱ्याच टोळ्या कारखान्यावरून परतलेल्याच नसतात.