अपघाताची चौकशी दाबली जाऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

आमच्याकडे लाँच, कोकण रेल्वे आणि घाटातली एसटी या तिघांशिवाय कोणाचं पान हलत नाही. त्यामुळे अपघात झाला की गावातलं कोणी ना कोणी त्यात असतंच, मग पुढारी येऊन जातात, मदतीचे चेक जाहीर होतात, "उच्चस्तरीय चौकशी" पेपरात येते आणि शिमगा येईपर्यंत विषय संपलेला असतो. रामदास बोट 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, गटारीचा दिवस होता हे घरोघरी माहिती आहे, पण लहानपणी मी कोणालाही विचारलं की चौकशीत काय निघालं, तर कोणालाच सांगता यायचं नाही.

माझा स्वतःचा अनुभव लहान आहे पण त्यातूनच हे सगळं शिकलो. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्या खाडीत ओहोटीला लाँच खडकावर आपटली, कोणी गेलं नाही, माझ्या चुलत बहिणीचा पाय मोडला. त्या खडकावरचा बोया, म्हणजे धोक्याची तरंगती खूण, आदल्या पावसाळ्यात वाहून गेला होता आणि परत बसवलाच नव्हता, हे अख्ख्या गावाला माहिती. तिसऱ्या दिवशी सकाळी लाँच वर ओढून तळाला पत्रा मारून रंगसुद्धा लावून झाला होता, पंचनाम्यात "तांडेलाचा", म्हणजे लाँच चालवणाऱ्याचा, "हलगर्जीपणा" एवढंच, आणि काकांना एका पुढाऱ्याचा फोन, बोयाचं काही बोलू नका म्हणून. बोया नाही असा तारखेचा एक फोटो आमच्यातल्या एकाकडेही नव्हता.

तर सगळ्यात आधी फोटो. जखमींना बाहेर काढणं पहिलं, त्यात वाद नाही, पण एकदा माणसं दवाखान्यात पोचली की गावातल्या दोघांनी फक्त हेच काम करायचं. तुटलेली वस्तू जवळून, मग तीच वस्तू मागे जेटी, पूल किंवा किलोमीटरचा दगड दिसेल अशी लांबून, आणि कशालाही हात लावायचा नाही. पाण्यातला अपघात असेल तर भरती की ओहोटी, उधाणाचं (मोठ्या भरतीचं) पाणी की भांगाचं (लहान भरतीचं), वारा कुठला, हे कोळीवाड्यातल्या जुन्या माणसाला विचारून त्याच दिवशी वहीत लिहा, कारण पाणी उतरलं की पुरावाही उतरतो. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि आतली तारीख वेळ निघून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे फोनमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, मूळ फोन असला की ते सोपं जातं.

जागा साफ करायची घाई दिसली की लगेच तहसीलदार आणि पोलीस ठाण्याला लेखी द्या, अवशेष जपून ठेवा म्हणून, आणि पोच घ्या. ग्रीसमध्ये टेंपी इथे 28 फेब्रुवारी 2023 ला दोन रेल्वेगाड्या समोरासमोर धडकून 57 माणसं गेली, त्यानंतर काही दिवसांतच ती जागा उकरून वर खडी टाकली गेली, आणि 2025 मध्ये तिथल्या तपास संस्थेने अहवालात लिहिलं की जागा जपली नाही म्हणून पुरावा गेला. लाखो लोक रस्त्यावर उतरले तरी गेलेली माती काही परत येत नाही.

दुसरं काम म्हणजे चौकशी नेमकी कोणाची हे समजून घेणं, कारण एका अपघाताच्या तीन तीन चौकश्या चालतात आणि आपण सगळ्या एकच समजतो. पोलीस गुन्हेगार शोधतात. खातं स्वतःची खात्यांतर्गत चौकशी करतं, म्हणजे स्वतःच स्वतःला तपासतं. आणि तिसरी, जी खरी आपल्या कामाची, ती फक्त कारण शोधून पुढचा अपघात टाळण्यासाठी असते. रेल्वेत हे काम रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं, आपल्याकडे सगळे सीआरएस म्हणतात. रेल्वेने रेल्वेची चौकशी करू नये म्हणून 1941 मध्येच हे लोक रेल्वे बोर्डापासून वेगळे काढले आणि आज ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. मला ही रचना मनापासून आवडते. विमानांचं मात्र उलटं, तपास करणारा एएआयबी, नियम लावणारं डीजीसीए आणि विमानतळ प्राधिकरण तिन्ही एकाच मंत्रालयाखाली, त्यामुळे चूक मंत्रालयाच्याच दुसऱ्या हाताची निघाली तर काय, हा प्रश्न 12 जून 2025 च्या अहमदाबादच्या अपघातानंतर लोकांनी विचारला तो रास्तच होता. रस्त्यावरच्या अपघाताला तर आपल्याकडे अशी वेगळी स्वतंत्र संस्थाच नाही, पोलीस, आरटीओ आणि एसटीची स्वतःची चौकशी. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली, तीसेक माणसं गेली, तरी व्यवस्था तीच राहिली. पाण्यावरही गुंता आहे, 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळून 15 जण गेले तेव्हा पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि नौदलाने आपली चौकशी समिती बसवली, म्हणजे ज्याची बोट त्याचीच समिती. म्हणून चौकशी जाहीर झाली की पहिला प्रश्न हाच विचारा, अहवाल कोणाला सादर होणार आणि तो माणूस अपघातात पक्षकार आहे का.

हस्तक्षेप म्हणजे कोणी अहवाल फाडतो असं नसतं. बहुतेक वेळा तो आधीच कारण सांगून टाकण्यातून होतो. 17 जून 2024 ला बंगालमध्ये कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून मालगाडी धडकली, त्याच दिवशी रेल्वे बोर्डाकडून सांगून झालं की मालगाडीच्या लोको पायलटने सिग्नल पाळला नाही, आणि तो तर अपघातातच गेला होता, बोलणार कोण? पुढच्या महिन्यात सीआरएसचा अहवाल आला त्यात निघालं की सिग्नल सकाळपासून बंद होते, ड्रायव्हरला दिलेला परवानगीचा कागदच चुकीचा होता, त्यावर वेगाची मर्यादा नव्हती, आणि त्या दिवशी बाकीच्या ड्रायव्हरांनीही त्याचा अर्थ वेगवेगळा लावला होता. मला हे वाचून फार राग आला होता. ओडिशात बालासोरलाही 2 जून 2023 च्या रेल्वे अपघातानंतर दोन दिवसांत रेल्वेमंत्र्यांनी कारण सापडलं आणि जबाबदार माणसं कळली असं सांगितलं, सीबीआय चौकशीची शिफारस त्याच दिवशी, तेव्हा सीआरएसचा अहवाल यायचा होता. मंत्र्यांनी घटनास्थळी यावं, दवाखान्यात जावं, पण कारणावर बोलू नये. ते बोलले की खालचा अधिकारी वेगळं लिहायला दहा वेळा विचार करतो. म्हणून पहिल्या आठ दिवसांत कोण काय म्हणाला त्याची कात्रणं, व्हिडिओ तारखेसकट साठवा, आणि मेलेल्या ड्रायव्हरच्या किंवा तांडेलाच्या घरच्यांना एकटं सोडू नका, ड्युटी किती तासांची होती, ब्रेकची तक्रार आधी लिहून दिली होती का, लॉगशीट कुठे आहे, हे त्यांच्याकडूनच कळतं.

जबाब द्यायला जाल तेव्हा वाचल्याशिवाय सही नको, प्रत मागा. सीआरएसची चौकशी असेल तर पेपरात जाहीर सूचना येते, तारीख ठिकाण असतं, कोणीही जाऊन सांगू शकतं किंवा लेखी पाठवू शकतं. ती सूचना गावच्या ग्रुपवर टाका, आमच्याकडे ती कोणी वाचतच नाही. अजून एक बारीक गोष्ट, रेल्वे कायद्याच्या कलम 119 प्रमाणे केंद्राने चौकशी आयोग नेमला की सीआरएसची चौकशी थांबते आणि कागद आयोगाकडे जातात. त्यामुळे "मोठा आयोग नेमा" ही मागणी करायच्या आधी थोडं थांबा, सीआरएसला काम पूर्ण करू दे.

मग माहिती अधिकार. कोकण रेल्वे, विमान वगैरे केंद्राच्या पोर्टलवर, 500 शब्द चालतात. बांधकाम खातं, मेरीटाइम बोर्ड, एसटी राज्याकडे, तिथे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, फी 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत. "चौकशी चालू आहे" म्हणून माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(h) खाली नाकारतील, तेव्हा अपिलात दिल्ली हायकोर्टाचा 2007 चा भगत सिंग निकाल लिहा, नुसती चौकशी चालू असणं पुरत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं. पहिलं अपील 30 दिवसांत, दुसरं 90 दिवसांत.

अहवाल मागताना अपघाताच्या आधीचेही कागद मागा, किंबहुना तेच जास्त मागा. महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला, दोन एसटी आणि गाड्या गेल्या, तेव्हा त्याच मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती असं सांगितलं गेलं. अशा तपासणीची नोंद, कोणी केली, पाण्याखालचे खांब बघितले का, हा खरा कागद. चौकशी आयोग 1952 च्या कायद्याखाली नेमलेला असेल तर अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो कार्यवाहीच्या टिपणासह सभागृहात ठेवावा लागतो, म्हणून अर्जात एवढंच लिहा: अहवाल कोणत्या तारखेला आला, कोणत्या तारखेला ठेवला, टिपणाची प्रत द्या. उत्तर आलं नाही तर तोच प्रश्न आमदाराला लेखी द्या, अधिवेशनाच्या आधी.

आमच्या बोयासाठी मी असाच अर्ज केला होता, अपघाताचा उल्लेखसुद्धा न करता, फक्त त्या खडकावरच्या खुणेच्या देखभालीची नोंद मागितली. दीड महिन्याने एक पान आलं, बोया गहाळ असल्याची नोंद, अपघाताच्या सात महिने आधीची, खाली सही. ते पान घेऊन काका परत जबाब द्यायला गेले.