केसांना भुलू नका: राखणीच्या अल्सेशियनला खायला घालताना या चुका टाळा

बेळगावकडच्या आमच्या जांबोटी भागात भाताच्या राखणीला अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्ड कुत्रा, ठेवायचा तो हौसेनं नव्हे. गवे आणि रानडुकरं एका रात्रीत उभं पीक आडवं करतात. पण त्याला खायला काय घालता विचारलं, की उत्तर ठरलेलं: "भाकरी-दूध खातंय की. बघा, कसलं गुबगुबीत झालंय!"

गुबगुबीत दिसतात ते केस. ही चूक मी स्वतः वर्षभर केली, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

माझा राजा तेव्हा दोन वर्षांचा. दिवसाला ज्वारीच्या चार भाकऱ्या आणि अर्धा लिटर दूध. येणारा-जाणारा कौतुक करायचा. जुलैत एकदा तो रात्रभर भिजून सकाळी पडवीत आला, आणि चिकटलेल्या केसांखाली दुसरंच कुत्रं निघालं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, माकडहाड वर आलेलं. राईस मिलच्या काट्यावर त्याला उचलून उभा राहिलो, माझं वजन वजा केलं. २६ किलो! या जातीचा नर ३० ते ४० किलो भरतो. आणि रात्री दोननंतर भुंकत नाही म्हणून मी त्यालाच आळशी ठरवत होतो.

हिशेब सोपा होता. त्या भाकरी-दुधातून जेमतेम १,४०० ते १,५०० कॅलरी मिळतात. अंगणात लोळणाऱ्याला त्या पुरतात. रात्रभर बांधावरून धावणाऱ्याला दीडपट तरी हव्यात, आणि कुत्र्याला लांबचा दम येतो तो पिठातून नव्हे, चरबीतून. ज्वारीत प्रथिनं असतात १० टक्क्यांच्या आसपास. वर या जातीचा दुहेरी केसांचा कोट, आणि केस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच. ते आणायचं कुठून?

आता सुगीच्या दिवसांत मी कुत्र्याच्या तयार खाद्याच्या पोत्यावर दोनच आकडे बघतो: प्रोटीन २६ ते ३० टक्के, फॅट १६ ते २० टक्के. मग घटकांच्या यादीत पहिलं नाव. तिथं मका असेल तर पोतं परत ठेवतो. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'चिकन फ्लेवर' असलं तरी त्याला भुलत नाही; फ्लेवर म्हणजे वास, मांस नव्हे. पोतं परवडत नसेल तर एक भाकरी कमी करा आणि उकडलेली अंडी, कातडीसकट शिजवलेलं चिकन वाढवा. दर रविवारी केसांत बोटं खुपसून बरगड्या चाचपतो. आपल्या पालथ्या पंज्यावरून बोट फिरवल्यावर हाडं जेवढी लागतात, तेवढ्या त्या लागल्या पाहिजेत. सुगी संपली की प्रमाण कमी. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला धावपळ करणाऱ्यांसाठीचं 'ॲक्टिव्ह'चं पोतं घालणारेही आहेत. त्यांच्याकडे काही दिवसांनी पिंप तयार होतं.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे कॅल्शियमची पावडर. पिल्लू तीन महिन्यांचं झालं नाही तोवर फोन: "कान अजून उभे नाहीत, पावडर किती घालू?" घालूच नका. कान उभे राहणं रक्तात असतं. काहींचे उभे राहायला पाच-सहा महिने लागतात, दात बदलताना उभे झालेले पुन्हा पडतात. थांबायची तयारी नसेल तर पिल्लू आणू नये. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला जादा आलेलं कॅल्शियम अडवता येत नाही, हाडं वाकडी वाढतात. शिवाय हे जादा कॅल्शियम शरीराला जस्त (झिंक) मिळू देत नाही. धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य आधीच जस्त धरून बसलेलं असतं. शेजारच्या पिल्लाच्या डोळ्यांभोवती खपल्या आल्या, तर खरूज समजून महिनाभर करंजेल चोळलं. डॉक्टरांनी आधी पावडर बंद केली, भाकरी कमी करून जस्त दिलं, मग कुठं फरक पडला. पिल्लांच्या पुऱ्या आहाराच्या पोत्यात कॅल्शियम असतंच. घरचं शिजवून घालत असाल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा, दुकानदाराला नको.

बाकीच्या चुका थोडक्यात. केस गळतात म्हणून दर पंधरा दिवसांनी ब्रँड बदलू नका. हा कोट ऋतू बदलताना झडतोच, ब्रश करा. ब्रँड बदलायचाच तर सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवं मिसळत. उन्हाळ्यात केस भादरू नका, जेवण उन्हं उतरल्यावर द्या. उरलेला रस्सा नको, कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे. शिजवलेली हाडं नकोत, फुटून टोचतात. पावसाळ्यात पोत्याचं तोंड उघडं ठेवलं की बुरशी आलीच. वास बदलला तर कोंबड्यांनाही घालू नका, उकिरड्यात पुरा.

आणि शेतात सोडायच्या तोंडावर पोटभर जेवण कधीच नाही. मी संध्याकाळी सहाला देतो, नऊनंतर सोडतो. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडू शकतो. पोट टम्म, ओकायला बघतंय पण काहीच पडत नाही, असं दिसलं तर ओवा-सोडा करत बसू नका. सकाळची वाट न बघता त्याच घटकेला बेळगावला गाडी काढा.