तुर्कमेन दागिन्यांची पारख: आधी पाठ बघा

सराफी पेढीवर पारख शिकलेल्या माणसाचा हात आधी वजनकाट्याकडे जातो. मध्य आशियातल्या तुर्कमेन टोळ्यांच्या दागिन्यात त्याने फारसं काही हाती लागत नाही. चांदी, सोन्याचा मुलामा आणि लाल अकीक, एवढाच ऐवज. किंमत ठरते ती काम कोणत्या टोळीचं, अस्सल किती आणि शाबूत किती यावर. म्हणून नवीन येणाऱ्यांना मी एकच सांगते: नग हातात आला की उलटा करा.

असिक घ्या. तुर्कमेन स्त्रिया पाठीवर वेणीला लावत ते बदामाच्या आकाराचं पदक. वापरातल्या असिकची पाठ कपड्यावर घासून घासून गुळगुळीत झालेली असते आणि कडीचं भोक ओढीने लांबट झालेलं असतं. पुढे मुलामा उंचवट्यांवर विरळ, खोलगट जागी दाट. हा पाऱ्याचा मुलामा: सोनं पाऱ्यात कालवून चांदीवर लावायचं आणि तापवून पारा उडवायचा. पाठीसकट सगळीकडे एकसारखी पिवळी झाक दिसली तर विजेच्या मुलाम्याचा संशय घ्या. पुढे भरपूर झीज आणि कडी मात्र कोरी, असा नग तर मी सरळ बाजूला ठेवते.

टोळी ओळखायला नजर बसावी लागते. तेके आणि योमूत या त्यातल्या दोन टोळ्या. तेके कारागिरांचं जाळीकाम आणि मुलाम्यातली वेलबुट्टी एकदा बघितली की विसरत नाही. योमूत कामात मुलाम्याचे पातळ पत्रे, बरेचदा शंकरपाळी आकाराचे, चांदीवर डाग देऊन बसवलेले असतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये २०१२ साली मार्शल आणि मॅरिलिन वुल्फ यांच्या तुर्कमेन दागिन्यांच्या संग्रहाचं प्रदर्शन भरलं होतं. म्युझियमच्या संकेतस्थळावर तुर्कमेन दागिन्यांची छायाचित्रं आहेत, ती मोठी करून तासन् तास बघा.

खड्यांना भिंग लावा. काचेत गोल बुडबुडे दिसतात, कधी रंग खुलवायला खाली लाल कापड किंवा कागद असतो. पण काच दिसली की नग नकली ठरवू नका, विसाव्या शतकात तुर्कमेन कारागीरच ती वापरत होते. तपासायचं ते कोंदण: एकाच खड्याची कड नव्याने दाबलेली दिसली तर तो खडा बदललेला असण्याची शक्यता मोठी.

एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण मोजणारं यंत्र, पृष्ठभागच वाचतं, त्यामुळे मुलाम्यावरचा आकडा चांदीचा कस म्हणून लिहू नका, पाठीवरून घ्या. आणि घरची चांदी रांगोळीने घासतो तसं इथे चुकूनही करू नका. मुलामा गेला की परत येत नाही.

अहवालात ‘तेके’ लिहिलंत तर कशावरून तेही लिहा. तुमारच्या, म्हणजे ताइताच्या, नळीचं टोपण हरवलं असेल, बिलेझिकच्या, म्हणजे हातातल्या कड्यांच्या, जोडीतलं एकच कडं उरलं असेल, तर तेही नोंदवा. जोडी असली तरी दोन्ही कडी शेजारी ठेवून खड्यांच्या रांगा आणि रुंदी जुळवून बघा, कारण दोन वेगळ्या कड्यांची जोडी लावून विकणारेही असतात.