राऊटर टेबल घेताना-बांधताना या चुका टाळा

दाराच्या चौकटीसाठी सागवानाची तीन फुटी पट्टी घेतली, राऊटर टेबलवरून खोबण मारली. (राऊटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटाने, म्हणजे धारदार टोकाने, लाकूड कोरणारं यंत्र; इथे ते टेबलखाली उलटं बसवतात आणि बिट टॉपच्या वर येतं.) मोजली तर दोन्ही टोकांना ९ मिमी खोल आणि मधे जेमतेम साडेआठ. अशा वेळी पहिला संशय बिटवर जातो, दुसरा राऊटरवर. नवं बिट येतं, खोबण मात्र तशीच येते. कारण दोष त्या दोघांचाही नसतो, टेबलचा टॉप मधे खाली बसलेला असतो. लांब पट्टी त्या खोलगट भागावर पुलासारखी टेकते, बिटाजवळ अर्धा मिलिमीटर वर राहते आणि तेवढी खोबण उथळ होते.

टेबलची सगळी भिस्त तीन गोष्टींवर आहे: सपाट टॉप, काटकोनात उभी फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची आधारपट्टी) आणि हाताशी असलेला स्विच. पैसे मात्र आधी लिफ्टवर (बिट वर-खाली करणारी यंत्रणा), टी-ट्रॅकवर (क्लॅम्प सरकवायची धातूची खाच) आणि चकचकीत स्केलवर जातात. हा क्रम उलटा आहे. छोट्या कारखान्यात टेबल रोज चालवायचं असेल तर आधी हे तीन पक्के करा, बाकीचं हळूहळू जोडता येतं.

टॉप मधे बसतो, आणि पावसाळ्यात वाकतो

अर्धा इंची कॉलेटचा (कॉलेट म्हणजे बिटाची दांडी पकडणारा चिमटा) मोठा राऊटर पाच-सहा किलोचा असतो. तो १८ मिमीच्या एकाच प्लायला, तेही मधे भलंमोठं भोक पाडून, वर्षभर लटकत ठेवला तर टॉप बसणारच. शिवाय बाजारात १८ म्हणून मिळणारं प्लाय बऱ्याचदा १७ च्या आसपास भरतं. घेताना कॅलिपर लावून बघा.

दुसरी चूक सनमायकाची. वरच्या बाजूला सनमायका लावला की टॉप गुळगुळीत होतो, लाकूड छान सरकतं, म्हणून काम तिथेच थांबवलं जातं. खालची बाजू उघडी राहते. मग जूनमध्ये हवा दमट झाली की खालची बाजू ओल पिऊन फुगते, वरची फुगत नाही, आणि टॉपला बाक येतो. मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसात तर हा बाक नजरेला दिसतो. खाली साधा, स्वस्त रंगाचा सनमायका चालेल, पण जाडी वरच्याइतकीच हवी. भोकाच्या आणि बाहेरच्या कडांनाही लिपिंग (लाकडाची पातळ पट्टी) किंवा दोन हात पॉलिश मारा, कारण एमडीएफ कडेतूनच पाणी ओढतं.

माझ्या मते सगळ्यात भरवशाचा घरगुती टॉप म्हणजे १८ मिमीचे दोन थर, सपाट जागेवर ठेवून फेव्हिकॉलने चिकटवलेले, वर-खाली सनमायका आणि खाली उभ्या पट्ट्यांची चौकट. पट्ट्या सुमारे ७० मिमी उंचीच्या, सुक्या लाकडाच्या आणि रंधून सरळ केलेल्या हव्यात. त्यांतल्या दोन राऊटरच्या दोन्ही अंगांना, तो जेमतेम आत बसेल इतक्या जवळ घ्या. फ्लश डोअरचा तुकडाही वापरता येतो, पण स्वस्त दारांत आतल्या पट्ट्यांमधे फटी असतात आणि भोक नेमकं फटीवर आलं तर प्लेटला (राऊटर जिला टांगतात त्या तबकडीला) आधार उरत नाही.

तपासणी सोपी आहे. अॅल्युमिनियमची सरळ सेक्शन पट्टी किंवा मोठी स्टीलची पट्टी टॉपवर उभी धरा: लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. पलीकडून टॉर्च मारा. उजेड दिसला तिथे साधा झेरॉक्सचा कागद सरकवून बघा. हा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. एक कागद अडकत अडकत गेला तर काळजी नाही. दुहेरी घडी मोकळी सरकली तर चौकट आणि टॉपच्या मधे सनमायकाची चिपटी किंवा पुठ्ठा घालून मधला भाग उचला. बिटाजवळ किंचित उंचवटा राहिला तरी चालतो, खळगा चालत नाही.

प्लेटचंही तेच. अॅक्रिलिकची प्लेट पारदर्शक म्हणून आवडते, पण वजनाने आणि मोटरच्या उष्णतेने ती हळूहळू झोळते. ६ ते १० मिमी अॅल्युमिनियम घ्या. चारही कोपऱ्यांत खालून लेव्हलचे स्क्रू ठेवा. स्टीलपट्टीचा कोपरा उजव्या बाजूने प्लेटवरून सरकवत न्या. कुठे टक्कन अडला तर लाकूडही तिथेच अडणार आणि कडेवर खाच पडणार.

फेन्स समांतर असायची गरज नाही

टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या पात्याची करवत) वापरणारे इथे हमखास वेळ घालवतात. सॉच्या फेन्सला पात्याशी समांतर राहावं लागतं, कारण पातं लांब असतं. राऊटरचं बिट गोल आहे. फेन्स तिरकी असली तरी बिटापासूनचं अंतर तेवढंच राहतं. म्हणून एक टोक क्लॅम्पने पक्कं करा, दुसरं सरकवा. बिट बरोबर मधे असेल तर टोक १ मिमी सरकवल्यावर बिटाजवळ अर्धाच मिमी फरक पडतो. हे बारीक माप फुकट मिळतं.

फेन्स टॉपशी काटकोनात मात्र हवीच. गुण्या लावून बिटाच्या दोन्ही बाजूंना तपासा, आणि क्लॅम्प आवळल्यानंतर पुन्हा तपासा, कारण आवळताना फेन्स मागे कलते. अर्धा अंश कलली तरी पॅनेलची पट्टी उभी धरून मारलेला प्रोफाइल (कडेचा आकार) दुसऱ्या पट्टीशी जुळत नाही. फेन्सला दोन सरकते फळे असू द्या, म्हणजे बिटाभोवतीची फट हवी तेवढी बंद करता येते. फट मोठी राहिली की शेवटच्या इंचात लाकूड आत बुडतं आणि कडेची ढलपी उडते.

मायटरची खाच (जिच्यात मायटर गेज, म्हणजे लाकूड ठरलेल्या कोनात धरून ढकलायचा आधार, सरकतो) टॉपमधे कोरायची का? मी तरी नको म्हणेन. ती टॉप नेमका बिटाजवळ कमकुवत करते, आणि मायटर गेज वापरताना फेन्स खाचेशी समांतर लावण्याचा ताप मागे लागतो. आडव्या टोकाला मारायचं असेल तर प्लायचा चौकोनी तुकडा काटकोनात कापा आणि फेन्सला टेकवून लाकडाच्या मागून ढकला. तोच मागची ढलपीही थांबवतो.

दिशा: इथे चूक झाली तर हात जातो

फेन्स बिटाच्या पलीकडे, तुम्ही अलीकडे, आणि लाकूड उजवीकडून डावीकडे. टेबलमधे राऊटर उलटा असल्यामुळे वरून पाहताना बिट घड्याळाच्या उलट फिरतं. त्याची अलीकडची धार डावीकडून उजवीकडे येते, लाकूड तिच्या विरुद्ध जातं, आणि बिट लाकडाला फेन्सकडेच दाबतं. हातात राऊटर धरून काम करायची सवय असलेले कारागीर इथे चुकतात, म्हणून टॉपवर पक्क्या रंगाने बाण काढून ठेवा.

त्याहून वाईट म्हणजे फेन्स आणि बिट यांच्या मधून लाकूड घालणं. पट्टीची बाहेरची कड मारायची असते आणि फेन्स मागे नेण्याचा मोह होतो. तिथे धार आणि लाकूड एकाच दिशेने जातात. बिट पट्टी खेचून भिरकावतं आणि मागे असलेला हात बिटाकडे ओढला जातो. असं कधीही करू नका. अरुंद बीडिंग हवी असेल तर रुंद फळीच्या कडेवर प्रोफाइल मारा आणि मग पट्टी कापून घ्या.

बेअरिंगच्या बिटाने (फिरती कडी असलेल्या) फेन्स काढून टेम्प्लेट (नमुन्याचा साचा) मारताना टॉपवर पिन (आधाराची खुंटी) हवी. लाकूड आधी पिनला टेकतं, मग हळूच बिटाला. पिन नसेल तर पहिल्या स्पर्शालाच हिसका बसतो.

बिट, कॉलेट आणि वेग

आपल्याकडे ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, अशा दोन्ही दांड्यांची बिटं एकाच डब्यात मिळतात. पाव इंची कॉलेटमधे ६ मिमीचं बिट आवळलं तर जातं, पण पकड अपुरी असते आणि काम करता करता ते वर सरकतं. खोबण हळूहळू खोल होत गेली तर आधी हेच बघा. १२ मिमी आणि अर्धा इंच यांच्यातही हाच घोळ होतो. बिट पूर्ण आत घाला, मग दोन-तीन मिमी बाहेर घेऊन आवळा. तळाला टेकलेलं बिट नीट आवळलं जात नाही. कॉलेटच्या चिरांमधे अडकलेला भुसा आणि राळ ब्रशने काढत चला.

पॅनेलचं ८० मिमी व्यासाचं बिट मिनिटाला २२,००० फेऱ्यांनी फिरवलं तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर होतो. १०,००० वर तोच दीडशेवर येतो. म्हणून मोठ्या बिटाला वेग कमी करता येणारा राऊटरच हवा. ट्रिमर (छोटा राऊटर) टेबलला लावून छोटा गोला, चॅम्फर (तिरकी कड), सनमायकाची कड एवढंच करा. एका फेरीत सुतापेक्षा, म्हणजे ३ मिमीपेक्षा जास्त लाकूड काढू नका, शिसमात त्याहून कमी. लाकडावर काळे चट्टे येत असतील तर बिट बोथट आहे, वेग जास्त आहे, किंवा ढकलताना मधे हात थांबतोय. शेवटचं कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं.

स्विच

राऊटरचा स्वतःचा स्विच लॉक करून तो टेबलखाली ठेवायचा आणि भिंतीवरच्या बटनाने चालू-बंद करायचा, ही पद्धत सर्रास दिसते. लाइट जाते, कारागीर बिटाजवळचा भुसा हाताने साफ करायला लागतो, आणि लाइट येते. एवढंच पुरेसं आहे. नो-व्होल्ट स्विच लावा. वीज गेली की तो सुटतो आणि हिरवं बटन पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. तो टेबलच्या पुढच्या बाजूला लावा, दोन्ही हात गुंतलेले असताना गुडघ्याने लाल बटन दाबता येईल अशा उंचीवर. दोन हजार वॉटचा राऊटर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर द्या, घरातलं साधं एक्स्टेंशन नको. बिट बदलताना प्लग काढूनच.

तयार टेबल घेणार असाल तर दुकानातच गुण्या आणि सरळ पट्टी घेऊन जा. त्याच्या प्लेटची भोकं तुमच्या राऊटरच्या बेसशी जुळतात का आणि टॉप किती उंचीवर येतो, हेही बघा. बैठं टेबल नेहमीच्या बाकावर ठेवलं की टॉप छातीपर्यंत येतो आणि खाली दाब देता येत नाही. जमिनीपासून ८५ ते ९० सेंटिमीटर बहुतेकांना सोयीचं पडतं.

भुशाचं एकच सांगतो. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवलं आहे, आणि सागवान-एमडीएफची बारीक धूळ टेबलवर थेट तोंडासमोर उडते. फेन्सच्या मागे पाइपची जागा टेबल बांधतानाच ठेवा. राऊटरभोवती खालून पेटी केली असेल तर तिला हवेसाठी भोकं हवीतच, नाहीतर मोटर स्वतःचीच गरम हवा आणि भुसा ओढत राहते आणि काही महिन्यांत ब्रश-बेअरिंग जातात.