डॉक्टरांकडे जाताना एकच पान न्या

फार्मासिस्ट म्हणून फॅमिली डॉक्टरांना औषध-सल्ल्याची सेवा देऊ करायची असेल, तर पदव्यांची यादी नेऊ नका. त्यांच्याच एखाद्या रुग्णाच्या सगळ्या औषधांची यादी, रुग्णाची परवानगी घेऊन, एका पानावर मांडून न्या.

समजा, सत्तरीच्या आजी आहेत. रक्तदाबासाठी या डॉक्टरांची टेल्मिसार्टन, दुसरीकडून थायरॉक्सिन, हाडांच्या डॉक्टरांचं कॅल्शियम आणि गुडघा दुखतो म्हणून स्वतःच आणलेली आयबुप्रोफेन. डॉक्टरांना बऱ्याचदा स्वतः लिहिलेलंच ठाऊक असतं. काउंटरवर मात्र अख्खी पिशवी उघडते. आपली खरी ताकद तीच आहे. पानावर दोनच ओळी लिहा: थायरॉक्सिन आणि कॅल्शियममध्ये ४ तासांचं अंतर हवं; आयबुप्रोफेनने रक्तदाब वाढू शकतो, टेल्मिसार्टनबरोबर मूत्रपिंडावरही ताण येऊ शकतो.

ओपीडी आटोपल्यावर पाच मिनिटं मागा. चूक दाखवायला आल्यासारखं बोलू नका. ‘डॉक्टर, आजी ही गोळी मनानेच घेतायत, तुमच्या कानावर घालावं म्हटलं. काय बदलायचं ते तुम्हीच ठरवा,’ एवढं पुरे.

पान त्यांना उपयोगी वाटलं, तरच पुढचं बोला: पाचपेक्षा जास्त औषधं घेणाऱ्या रुग्णांच्या याद्या महिन्यातून एकदा तपासून देईन. फी किती आणि कोण देणार, तेही तेव्हाच स्पष्ट करा. प्रिस्क्रिप्शनमागे कमिशनचा विषय निघाला, तर तिथेच नाही म्हणा.