अमेरिकेत पोलिसांनी गाडी थांबवली, तर काय बोलायचं आणि कुठे थांबायचं

मागे लाल-निळे दिवे लुकलुकले, की आपल्याकडून नव्याने आलेला माणूस सवयीने गाडी कडेला घेतो आणि कागद हातात घेऊन थेट साहेबांकडे चालायला लागतो. पुण्या-नाशकात ही अदब झाली. अमेरिकेत पोलिसाला तो धोका वाटतो. तेव्हा गाडीतच बसा. इंजिन बंद करा, काच खाली घ्या, रात्र असेल तर आतला दिवा लावा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स मागितलं, की कागद कुठल्या कप्प्यात आहेत ते सांगून मगच हात हलवा. उतरायला सांगितलं तर वाद न घालता उतरा. तसं सांगण्याचा पोलिसांचा अधिकार सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच मान्य केला आहे.

आता बोलण्याचं. "का थांबवलं, माहितीये का?" असं विचारतात, ते गप्पा मारायला नव्हे. "हो, जरा घाईत होतो" म्हणालात, की वेगाची कबुली देऊन बसलात. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, हे संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीत आहे. हे संरक्षण फक्त नागरिकांना नाही. एच-वन-बीवाला, विद्यार्थी, सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा, सगळ्यांना आहे. गप्प राहा, पण खोटं बोलू नका आणि खोटा कागद तर दाखवूच नका. काही राज्यांत नाव सांगणं बंधनकारक असतं, तेवढं सांगून टाका. ग्रीन कार्ड असेल तर ते जवळ बाळगणं १८ वर्षांवरच्या प्रत्येकाला कायद्यानेच भाग आहे. घरच्या कपाटात जपून ठेवून उपयोग नाही.

पुढचा प्रश्न बहुतेक वेळा हसतमुखाने येतो: "गाडीत एक नजर टाकली तर चालेल ना?" आपण भिडेखातर "हो हो, बघा की" म्हणतो, आणि चौथ्या दुरुस्तीने दिलेलं झडतीविरुद्धचं संरक्षण तिथेच सोडून देतो. संमती दिलीत, की वॉरंट लागत नाही. म्हणून शांतपणे म्हणा, "आय डू नॉट कन्सेंट टु अ सर्च." मात्र सबळ कारण असेल, उदाहरणार्थ सीटवर उघड्यावर काही बेकायदा दिसत असेल, तर गाडीची झडती वॉरंटविनाही घेता येते. त्यांनी सुरू केलीच तर आडवे जाऊ नका. तुमचा नकार नंतर वकिलाच्या कामी येईल. तिकीट (म्हणजे दंडाची पावती) देऊन झालं असेल तर "ॲम आय फ्री टु गो?" एवढं विचारा. तिकिटाचं काम संपल्यावर ठोस संशय नसताना निव्वळ अमली पदार्थ हुंगणाऱ्या कुत्र्याकडून गाडी तपासण्यासाठी ताटकळत ठेवता येत नाही, असा २०१५ चा निकाल आहे. फोनचं वेगळं: अटक झाली तरी तो उघडून बघायला साधारणपणे वॉरंट लागतं (२०१४ चा निकाल). विमानतळावर, सीमेवर मात्र हे नियम बरेच सैल होतात.

अटक झालीच, तर सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. सिनेमात ऐकलेली ती "गप्प राहण्याचा तुम्हाला हक्क आहे" वाली सूचना १९६६ च्या मिरांडा खटल्यातून आली. ती कोठडीतल्या चौकशीआधी द्यावी लागते, रस्त्यावर थांबवल्या थांबवल्या नाही. आणि खरी मेख इथे आहे: नुसतं गप्प बसणं पुरत नाही. २०१० च्या एका खटल्यात आरोपी जवळपास तीन तास बहुतांशी गप्प होता, शेवटी एका प्रश्नाला "हो" म्हणाला, आणि ते "हो" त्याच्याविरुद्ध वापरता आलं, कारण हक्क वापरतोय असं त्याने सांगितलंच नव्हतं. १९९४ च्या खटल्यात एक जण "मेबी आय शुड टॉक टु अ लॉयर" म्हणाला; कोर्ट म्हणालं, ही वकिलाची स्पष्ट मागणी नव्हे. आपल्या "जमलं तर बघा" छापाच्या बोलण्याला इथे काडीची किंमत नाही. दोनच वाक्यं पाठ करा: "आय ॲम रिमेनिंग सायलेंट. आय वॉन्ट अ लॉयर." त्यानंतर हवापाण्याच्या गप्पासुद्धा नकोत.

वकिलाचे पैसे नसतील तर फौजदारी खटल्यात तुरुंगवासाची शिक्षा होणार असेल, तिथे सरकारी खर्चाने वकील मिळतो. फ्लोरिडातल्या क्लॅरेन्स गिडियन नावाच्या कैद्याने तुरुंगातून पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जावर १९६३ मध्ये हा पाया पडला. साध्या दंडाच्या तिकिटाला किंवा इमिग्रेशन कोर्टात तो मिळत नाही.

कोर्टात पहिल्या तारखेला गुन्हा कबूल आहे का, विचारतात. वकिलाशी बोलणं होईपर्यंत "नॉट गिल्टी" म्हणा. ते खोटं बोलणं ठरत नाही. मिसडिमीनर म्हणजे साधारणपणे वर्षभरापर्यंतच्या कैदेचा गुन्हा, फेलनी त्याहून गंभीर. "छोटंच कलम आहे, कबूल करून मोकळे व्हा" हा सल्ला नागरिक नसलेल्याला फार महागात पडू शकतो. होजे पादिया हा ट्रकचालक ४० वर्षं कायदेशीर रहिवासी होता. काळजी नको असं वकिलाने सांगितलं म्हणून त्याने गुन्हा कबूल केला आणि देशाबाहेर काढलं जाण्याची वेळ आली. कबुलीने देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका आहे का, हे वकिलाने सांगायलाच हवं, असं सुप्रीम कोर्टाने त्याच्याच खटल्यात २०१० मध्ये ठरवलं. तेव्हा "माझ्या व्हिसाचं काय होईल?" हे आधी विचारा, सही नंतर. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर अटक झाल्यावर भारतीय वकिलातीला (कॉन्सुलेटला) कळवायला पोलिसांना सांगा. व्हिएन्ना करारानुसार तसं कळवावं लागतं, पण ते तुम्ही मागितल्यावरच.