रस्त्याकडेचा संगमरवर काळवंडलाय? लिंबू नको, मुलतानी माती घ्या

रहदारीच्या रस्त्यालगतच्या घरांत संगमरवरी तुळशीवृंदावन किंवा खिडकीची चौकट पिवळट-काळी पडते. बरेच जण लगेच लिंबू, व्हिनेगर किंवा संडासाचं ॲसिड काढतात. तिथेच घात होतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की तो फसफसून विरघळतो, चकाकी कायमची जाते. धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्यात मिसळून हेच काम सावकाश करतो. दगडाचा वरचा थर जिप्सम बनतो आणि त्यात काजळी अडकते. म्हणून पावसाने धुतला न जाणारा आडोशाचा भाग जास्त काळा दिसतो.

ताजमहालावर पुरातत्त्व खातं १९९४ पासून मुलतानी मातीचा लेप लावत आलं आहे. घरीही जमतो. आधी मऊ ब्रशने धूळ झाडा. मुलतानी माती साध्या पाण्यात (बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी असेल तर उत्तमच) श्रीखंडाइतकी घट्ट कालवा. बोटाच्या पेराएवढ्या जागेवर आधी करून बघा, मग जाडसर थर द्या. वर प्लॅस्टिक झाका. दुसऱ्या दिवशी ते काढून लेप वाळू द्या, सुटून आला की स्वच्छ पाण्याने धुवा. तारेची घासणी अजिबात नको.

जुना, टणक काळा पापुद्रा याने निघणार नाही. तो खरवडू नका, जाणकार कारागिराला बोलवा. आणि दगडात लोखंडी खिळा ठोकू नका. गंज फुगतो, दगड तडकतो. स्टेनलेस स्टीलचा वापरा. कोटा फरशीही चुनखडीचीच, तिलाही ॲसिड चालत नाही.